गणिताच्या तासाला गलबला

बारावीची परीक्षा आणि प्रवेशपरीक्षा ही दोन दिव्ये पार पाडून चिरंजीव किंवा कन्या एकदाची अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाली, म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय घरांत पेढे वाटले जातात. मग फीचा पहिला हप्ता, वसतिगृहाची अनामत, लॅपटॉप अशी खरेदी आणि भरणा सुरू होतो. वडील भविष्यनिर्वाह निधीतून थोडी उचल घेतात, आई भिशीचे पैसे पुढे करते, आणि कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला, की मात्र यांतल्या पुष्कळ घरांत एक नवा शब्द हळूच पाऊल टाकतो. तो शब्द म्हणजे 'केटी'.

एखादा विषय राहिला असताही पुढच्या सत्रात बसण्याची जी परवानगी मिळते, तिचे हे लाडके नाव. परवानगी म्हटली म्हणजे कानाला गोड वाटते. पण राहिलेला तो विषय पुढे वर्ष-दोन वर्षे मानगुटीवर बसून असतो. पुष्कळदा हा विषय गणित असतो. आमच्याकडे त्याला 'एम-वन', 'एम-टू', 'एम-थ्री' अशी आगगाडीच्या डब्यांसारखी नावे आहेत. "अहो सर, दहावीला गणितात पंच्याण्णव होते हो याला! मग आताच काय झाले?" हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी पालक मला विचारतातच.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना गणित शिकवतो. या प्रश्नाची घरोघरची ठरलेली उत्तरे मला ठाऊक आहेत : मोबाइल, संगत, वसतिगृहातली जागरणे. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण आणखी एक उत्तर आहे, आणि ते मुलाच्या खोलीत सापडत नाही. आमच्या वर्गात सापडते. त्या उत्तराची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सव्वाशे माना आणि एक फळा

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे शिक्षण जुने आहे. पुण्यातल्या महाविद्यालयाचा उगम १८५४ सालचा, मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचा १८८७ सालचा. पण फार काळपर्यंत तिथे जागा मोजक्या असत. १९८३ मध्ये सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि दारे सताड उघडली. जिल्ह्याजिल्ह्यांतली, तालुक्यांतली मुले इंजिनियर होऊ लागली. हे फार चांगले झाले. परंतु मुले वाढली तसे वर्गही फुगले. दोन तुकड्या एकत्र बसवल्या, की माझ्यासमोर सव्वाशे माना असतात.

सव्वाशे जणांना काही सांगायचे तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्याख्यान. मास्तरांनी फळ्यावर लिहावे, मुलांनी वहीत उतरवावे. 'लेक्चर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच मुळी वाचन असा आहे. छापखाने नव्हते, पोथी एकच होती, तेव्हा युरोपातल्या विद्यापीठांत गुरुजी ती वाचून दाखवीत आणि शिष्य लिहून घेत. आता पुस्तके झाली, छायाप्रती झाल्या, मोबाइलच्या पडद्यावर उत्तमोत्तम अध्यापकांची व्याख्याने फुकट मिळू लागली. पण वर्गातला रिवाज तोच राहिला.

या रिवाजात एक मोठी अडचण आहे. फळ्यावरचे गणित वहीत उतरवताना हात चालतो, डोके चालतेच असे नाही. शिक्षक उदाहरण सोडवीत असतात तेव्हा प्रत्येक पायरी पटते. "बरोबर, बरोबर" असे म्हणत मूल शेवटच्या ओळीपर्यंत पोचते. घरी तेच उदाहरण थोडे बदलून समोर आले, की पहिली पायरीच सुचत नाही. शेजारच्या वहिनींनी चकल्या पाडताना आपण तासभर पाहिले, म्हणून आपल्या सोऱ्यातून काटेदार चकली उतरत नाही. भाजणी सैल झाली की घट्ट, मोहन जास्त पडले की कमी, हे आपला पहिला घाणा तेलात विरघळल्यावरच कळते. गणिताचे अगदी असेच आहे. फरक इतकाच, की व्याख्यानाच्या वर्गात मुलाचा पहिला घाणा थेट परीक्षेच्या दिवशीच तळला जातो.

मग हा घाणा वर्गातच, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत का तळू नये? दहा मुलांच्या वर्गात ते सोपे आहे. पण सव्वाशेंच्या वर्गात?

कळशी कशी भरते?

आमच्या वर्गातला एक तास कसा जातो तो पाहा. प्रत्येक मुलाकडे चार रंगांची चार पुठ्ठ्याची कार्डे असतात : अ, ब, क, ड. मी दहा मिनिटे विषय मांडतो आणि मग एक प्रश्न फळ्यावर लिहितो. मासल्यादाखल हा घ्या.

नळाची धार एकसारखी चालू आहे. खाली पितळेची कळशी ठेवली आहे. बुडाशी बेताची रुंद, पोटाला फुगीर, गळ्याशी अरुंद. कळशीतल्या पाण्याची पातळी सर्वांत जलद कुठे चढेल? (अ) बुडाशी, (ब) पोटाशी, (क) गळ्याशी, (ड) सगळीकडे सारखीच.

पहिले मिनिट कोणी कोणाशी बोलायचे नाही. प्रत्येकाने आपापला विचार करायचा आणि माझ्या खुणेसरशी कार्ड छातीशी धरायचे. एका नजरेत मला वर्गाचे चित्र दिसते. 'ड'ची कार्डे पुष्कळ असतात. धार एकसारखी म्हणजे पातळीही एकसारखी चढणार, असे मनाला चटकन वाटते. गंमत म्हणजे, शंकूच्या आकाराच्या टाकीचे पुस्तकातले उदाहरण यांतल्याच पुष्कळ मुलांनी सूत्र घालून बिनचूक सोडवलेले असते.

बरोबर उत्तर मी सांगत नाही. "तुमच्या शेजाऱ्याचे कार्ड निराळे असेल, तर त्याला आपले म्हणणे पटवून द्या. तीन मिनिटे!" असे म्हणतो, आणि वर्गात जो गलबला उठतो तो व्हरांड्यातून जाणाऱ्याला ऐकवत नाही. बाके जमिनीला पक्की ठोकलेली. तेव्हा पुढच्या ओळीतली मुले मागे वळतात आणि चौघाचौघांचे अड्डे जमतात. मी बाकांमधून हिंडत कान देतो. "अरे, आमच्याकडे रोज पाणी भरायला लागते. गळ्याशी आले की झर्रकन वर येते, नळ बंद करायला धावावे लागते!" असे कोणीतरी बोलते. दुसरा म्हणतो, "पण नळ तर तेवढाच आहे ना?" तिसरी मुलगी वहीत दोन चकत्या काढते, एक मोठी आणि एक लहान, आणि म्हणते, "तेवढेच पाणी या चकतीवर पसरायचे आणि या चकतीवर पसरायचे. कुठे जाड थर होईल?"

झाले! त्या मुलीने जे सांगितले तेच पुस्तकाच्या भाषेत असे : पातळीचा वेग म्हणजे पाणी भरण्याच्या वेगाला त्या ठिकाणच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागणे. कळशीचा छेद गळ्याशी सर्वांत लहान, म्हणून तिथे वेग सर्वांत मोठा. पुन्हा कार्डे वर होतात आणि आता वर्ग बराचसा 'क'च्या रंगाचा झालेला असतो. त्यानंतर मी सूत्र फळ्यावर लिहितो. ते सूत्र आता मुलांना परके वाटत नाही; त्याच्याशी त्यांचे नुकतेच भांडण होऊन समेट झालेला असतो.

उंची, वजन आणि रिक्षाचे मीटर

चांगला प्रश्न शोधणे हेच या पद्धतीतले खरे कष्टाचे काम. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञांनी कलनशास्त्रासाठी अशा प्रश्नांचा एक संचच केला. त्यातला एक असा : तुमची उंची कधीतरी बरोबर तीन फूट होती, हे खरे की खोटे? घरातल्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने रेघ मारण्याची पद्धत ज्यांच्याकडे आहे, त्यांना तीन फुटांवर नेमकी रेघ सापडणार नाही. पण जन्मतः आपण तीन फुटांहून पुष्कळच कमी होतो, आज जास्त आहोत, आणि उंची काही उडी मारून वाढत नाही. तेव्हा तो क्षण येऊन गेलाच असला पाहिजे.

त्यांचाच दुसरा प्रश्न आणखी खुमासदार आहे : तुमचे पौंडांतले वजन आणि इंचांतली उंची हे दोन आकडे आयुष्यात कधीतरी सारखे झाले होते का? तान्हे मूल साधारण वीस इंच लांब आणि सहा-सात पौंडांचे. म्हणजे वजनाचा आकडा लहान. इंजिनियरिंगचा विद्यार्थी पासष्ट इंच आणि सव्वाशे पौंड. म्हणजे वजनाचा आकडा मोठा. मधे कुठेतरी दोघांची गाठ पडलीच पाहिजे. इथे वर्गात हमखास कोणीतरी उठतो : "सर, पण जेवल्याबरोबर वजन एकदम वाढते. मग उडी नाही का झाली?" त्यावर दुसरा म्हणतो, "एकदम कसे? घासाघासाने वाढते!" पहिला म्हणतो, "पण एक घास म्हणजे तरी उडीच की!" हा वाद ऐकताना मला मनापासून आनंद होतो. कारण 'सांतत्य' या संकल्पनेचा गाभा नेमका हाच आहे, आणि तो मुलांनी आपणहून उकरून काढलेला असतो.

लगेच मी विचारतो, "रिक्षाच्या मीटरचे काय? ते आकड्याआकड्याने पुढे जाते की टप्प्याटप्प्याने?" ते टप्प्याने उडते, मधले भाडे कधी दिसतच नाही. म्हणून उंचीचा न्याय मीटरला लागू होत नाही. आणखी एक : नव्वद किलोमीटरचे अंतर एका मोटारीने पाऊण तासात तोडले, वाटेत तिचा वेग कोणत्याही कॅमेऱ्याने टिपला नाही. तिचा काटा कोणत्या तरी क्षणी ताशी १२० वर होता, असे तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकाल का? म्हणू शकाल. सरासरी वेग १२० आहे. तेव्हा सारा वेळ काटा त्याच्या खालीच किंवा वरच राहिला, हे संभवत नाही. परीक्षेत पाच गुणांना येणारे मध्यमान प्रमेय ते हेच.

हे खूळ आले कोठून?

या पद्धतीचे एक नामवंत पुरस्कर्ते म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना अतिशय आवडत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलांना गतिशास्त्राचे काही साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला एरवी वाटते त्याप्रमाणे लिहू? सूत्रे पाठ होती, पण मनातली समजूत जशीच्या तशी होती, हे त्या एका प्रश्नाने उघडे पाडले. पुढे एका तासाला एक मुद्दा पुन्हापुन्हा सांगूनही वर्गाचे चेहरे कोरेच दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना आपसांत बोलायला सांगितले. आणि काही मिनिटांत मुलांनी तो एकमेकांना समजावून दिला. ज्याला नुकतेच कळले आहे, त्याला आपण कुठे अडलो होतो याची आठवण ताजी असते. प्राध्यापकांना ती विसरून पुष्कळ वर्षे झालेली असतात. मझूर यांनी १९९१ पासून हीच रीत धरली आणि १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पहिल्या खेपेला साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचे उत्तर बरोबर आले तरच चर्चा लावावी, हा त्यांचा ठोकताळा आम्हीही पाळतो. सगळ्यांनाच येत असेल तर बोलणार काय, आणि कोणालाच येत नसेल तर सांगणार कोण?

आपल्याकडेही हे घडले आहे. आधी एकट्याने विचार, मग जोडीने चर्चा, मग साऱ्या वर्गापुढे मांडणी, ही रीत अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये शाळांसाठी सांगितली होती. पवईच्या आय.आय.टी.मध्ये संगणकाच्या पहिल्या वर्षाच्या एका भल्यामोठ्या वर्गात ती वापरली गेली, आणि मुले त्या वेळी खरोखर काय करतात याची निरीक्षकांनी दहा आठवडे नोंद घेतली. सरासरीने ८३ टक्के मुले कामात गुंतलेली आढळली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गलबला दिसतो तितका पोकळ नसतो, याचा हा घरचाच पुरावा.

आकड्यांची साक्ष

गणिताच्या शिक्षकाने आकडे न देता बोलणे बरे नव्हे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे अडीचशेहून अधिक मुलांचे दोन वर्ग घेऊन एक प्रयोग झाला. विषय पदार्थविज्ञानाचा होता. एका वर्गाला अनुभवी आणि विद्यार्थिप्रिय प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे व्याख्याने दिली. दुसऱ्या वर्गाला फारसा अनुभव नसलेल्या तरुण संशोधकाने आठवडाभर प्रश्न आणि चर्चा या रीतीने शिकवले. मग दोघांची एकच चाचणी घेतली. व्याख्यानाच्या वर्गाला सरासरी ४१ टक्के गुण मिळाले, चर्चेच्या वर्गाला ७४ टक्के. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामागे नोबेल पारितोषिक मिळवलेले कार्ल वीमन होते.

एका आठवड्याच्या प्रयोगावर विसंबू नये, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या अशा २२५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत शंभरामागे सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते. मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. वर्ग लहान असला तर फायदा जास्त, पण मोठ्या वर्गांतही तो दिसलाच. शंभरामागे ही बारा मुले म्हणजे बारा घरे. कर्जाचा हप्ता चालू असलेली, धाकट्या बहिणीचे शिक्षण पुढे असलेली, दिवाळीला मुलगा घरी आला तरी त्याच्याशी निकालाविषयी बोलणे टाळणारी बारा घरे. माझ्या दृष्टीने हा आकडा म्हणजे या साऱ्या प्रकरणाचा सारांश आहे.

"सर, तुम्ही शिकवत नाही म्हणे!"

मागे एकदा एक गृहस्थ मला भेटायला आले. माणूस सभ्य, पण मनात काहीतरी सलत होते. चहा झाल्यावर म्हणाले, "सर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमची मुलगी सांगते, की गणिताचे सर स्वतः शिकवतच नाहीत. आम्हालाच भांडायला लावतात. एवढी फी भरायची ती मुलांनीच मुलांना शिकवायचे म्हणून का?"

"राग कसला, शंका रास्त आहे," मी म्हणालो. "पण तुमच्या मुलीला एक विचारा. मागच्या महिन्यातल्या माझ्या तासाचा एखादा प्रश्न तिला आठवतो का? आणि आठवला, तर तिने तो तुम्हाला समजावून द्यावा."

आठवड्याने त्यांचा फोन आला. मुलीने त्यांना कळशीचे गणित सांगितले होते, आणि ते ऐकून तिच्या आजीने "गळ्याशीच भरभर चढते, त्यात काय सांगायचे!" असा निर्वाळा दिला होता. गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले असे नाही. पण वार्षिक परीक्षेपर्यंत वाट पाहायला ते तयार झाले.

अशी तक्रार साऱ्या जगात येते. हार्वर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की चर्चेच्या वर्गातली मुले चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो अशी त्यांची भावना होती; सुरेख व्याख्यान ऐकलेली मुले मागे होती, पण आपण पुष्कळ शिकलो असे त्यांना वाटत होते. कारण उघड आहे. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे सोपे वाटते. स्वतः करू गेले की अडखळायला होते, चारचौघांत चूक दिसते, डोके शिणते. आणि हा शीण म्हणजेच न कळणे, असा आपला समज होतो. वास्तविक तो शीण म्हणजे शिकण्याचीच मजुरी आहे. म्हणून सत्राच्या पहिल्याच दिवशी मी हा अभ्यास मुलांना सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न सहकारी विचारतात : पोर्शन पुरा होतो का? होतो; पण त्यासाठी कात्री चालवावी लागते. लांबलचक सिद्धता मी फळ्यावर उतरवीत नाही. गाळलेल्या जागा ठेवून छापलेली टिपणे आधीच देतो. जिथे विचार करायचा तिथेच जागा कोरी. नुसते नकलून घेण्यात जाणारा वेळ वाचतो आणि तोच प्रश्नांना मिळतो. तास संपताना प्रत्येकाने "आज कुठे अडले" ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. सव्वाशे चिठ्ठ्या चाळायला अर्धा तास लागतो. पण दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची हे त्याच सांगतात.

आणखी एक गोष्ट मला या गलबल्यात फार मोलाची वाटते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली कितीतरी मुले माझ्या वर्गात येतात. वर्गसमीकरण आणि अंकगणिती श्रेढी त्यांना उत्तम येते. पण इंग्रजीत उभे राहून शंका विचारायची म्हटले की जीभ टाळूला चिकटते. व्याख्यानाच्या वर्गात अशी मुले चारही वर्षे तोंड उघडत नाहीत. शेजाऱ्याशी बोलायचे म्हटले की मात्र ती बोलतात, आणि मराठीत बोलतात. कोकणातून आलेला एक मुलगा पहिले दोन महिने कार्ड वर करण्यापलीकडे काही करीत नसे. एके दिवशी त्याच्या बाकाभोवती पाचसहा डोकी जमलेली दिसली. तो खाडीच्या भरती-ओहोटीवरून 'फूरिए श्रेणी' समजावून देत होता. मी लांबूनच परतलो. तिथे माझे काही काम नव्हते.

दार लावून अभ्यास

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. आपल्याकडे शहाण्या मुलाची खूण म्हणजे दार लावून एकट्याने अभ्यास करणारा. या समजुतीला छेद देणारी एक हकिगत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातली आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथे युरी ट्रीसमन नावाचे तरुण गणितज्ञ होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मागे का पडतात, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. पूर्वतयारी कमी, घरची ओढगस्त, जिद्द नाही, अशी कारणे प्राध्यापक सांगत. ट्रीसमन मुलांच्या राहत्या जागी जाऊन ती अभ्यास कसा करतात तेच पाहू लागले, आणि ही सारी कारणे लटकी ठरली. ती मुले कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करीत. यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः उदाहरणे सोडवीत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. चूक झाली तर ती त्याच रात्री सापडे. ट्रीसमन यांनी मागे पडणाऱ्यांसाठी सोप्या शिकवण्या काढल्या नाहीत. उलट अवघड उदाहरणे देऊन मिळून सोडवायला बसवणारे वर्ग काढले. आणि त्यांत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल पुष्कळच सुधारले.

तेव्हा तुमच्या मुलाच्या खोलीत चार मित्र जमले आणि आवाज चढू लागला, तर लगेच चपलांकडे हात नेऊ नका. आधी थोडे ऐका. क्रिकेटचा वाद असेल तर जरूर दटावा. पण "अरे, इथे चिन्ह बदलायला हवे" असे काही कानावर आले, तर पोह्यांची बशी आत पाठवा. मित्र येण्यापूर्वी प्रत्येकाने उदाहरण स्वतः करून पाहिले होते ना, एवढे मात्र विचारा. नाहीतर एकाने सोडवायचे आणि तिघांनी उतरवायचे, हा फळ्याचाच प्रकार घरी येतो.

आणि दिवाळीच्या सुटीत मुलगा किंवा मुलगी घरी आली, की "किती पडतील?" हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवावा. "या सत्रात शिकलेली एखादी गोष्ट मला समजावून सांग," असे म्हणावे. तुम्हाला गणित येत नाही, ही अडचण मुळीच नाही; उलट तो फायदाच आहे. तुम्हाला कळेपर्यंत सांगताना त्याला स्वतःला कुठे कळलेले नाही, हे त्याचे त्यालाच उमगेल. सुरुवातीला तो वैतागेल. "तुला नाही कळायचे, आई," असेही म्हणेल. त्याला फराळाचे ताट द्या, समोर बसा आणि पुन्हा विचारा.